शेजाऱ्याला येशूबद्दल सांगायचं तर रिकाम्या हाताने जावं

हातमाग (धागाकर्ती)

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, तरुण संघात सध्या बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २८व्या अध्यायातली शेवटची वचनं अभ्यासाला आहेत. पुनरुत्थानानंतर गालीलातल्या डोंगरावर प्रभू शिष्यांना सांगतो की जा, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, मी आज्ञापिलेलं पाळायला शिकवा. यात ज्याला जमेल त्याने करावं असा सूर कुठेही नाही. ही जबाबदारी पाळकसाहेबांवर ढकलून मोकळं होता येत नाही. मुलांनी लगेच विचारलं, ताई, सोलापुरात ही आज्ञा पाळायची म्हणजे उद्या सकाळी उठून करायचं काय? आमच्या एका जिन्यात लिंगायत, पद्मशाली, मोमीन, मराठा अशी घरं आहेत. सगळ्यांची एकमेकांकडे ये-जा आहे. कुणाच्या मनात काय येईल, कुठे तक्रार जाईल, याची मुलांना भीती वाटते आणि ती खोटी नाही.

आमच्यात या प्रश्नाची दोन उत्तरं ठरलेली आहेत. पत्रकं वाटा, वस्तीत जाऊन सभा घ्या, हे एक. तोंड उघडू नका, नुसतं चांगलं वागा, लोकांना आपोआप कळेल, हे दुसरं. दुसरं उत्तर हल्ली जास्त ऐकू येतं. मला दोन्ही पुरत नाहीत. चांगलं वागणारी माणसं सगळ्याच धर्मांत आहेत, मी चांगली वागले म्हणून येशू कोण हे कुणाला कसं कळणार? आणि ओळखदेख नसताना हातात पत्रक कोंबणं हा मला समोरच्याचा अपमान वाटतो.

लूकचा १०वा अध्याय पुन्हा वाचला तेव्हा वेगळंच दिसलं. प्रभू शिष्यांना दोघा-दोघांनी पुढे पाठवतो. पिशवी नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात घेतील तिथेच राहा, ते वाढतील ते खा. नाही घेतलं तर पायाची धूळ झटकून पुढच्या गावी जा. म्हणजे सुवार्ता, येशूची बातमी, घेऊन निघालेला माणूस रात्रीच्या जेवणासाठी आणि अंथरुणासाठी ऐकणाऱ्यावर अवलंबून आहे. देणारा घरमालक आहे आणि मागणारा शिष्य. नको म्हणायचा पूर्ण अधिकार घरमालकाकडे.

योहानाच्या ४थ्या अध्यायात प्रभू स्वतः तेच करतो. भर दुपारी थकून विहिरीवर बसलाय, जवळ पोहरा नाही. शोमरोनी बाई येते आणि तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवत नसत, तीच चकित होऊन विचारते की तू माझ्याकडे कसं मागतोस? कुणाच्या हातचं पाणी चालतं आणि कुणाच्या हातचं नाही, यावरून ज्या महाराष्ट्रात १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, तिथे ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. जिवंत पाण्याचं बोलणं नंतर येतं, आधी तो तिचा मिंधा होतो. पुढे ती घागर तिथेच टाकून गावात धावते आणि म्हणते, या, पाहा. कुणी दीक्षा न दिलेली ती बाई त्या गावची पहिली उपदेशक. शेवटी गावकरी तिला सांगतात की आता आम्ही तुझ्या बोलण्यावरून विश्वास ठेवत नाही, आम्ही स्वतः ऐकलंय. तिला याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

आपली सवय मात्र देण्याची पडली आहे, आणि तिला इतिहास आहे. अमेरिकन मराठी मिशन १८१३मध्ये मुंबईत, १८३१मध्ये नगरला आणि पुढे सोलापुरात आलं. शाळा, बालवाडी, दवाखाना, कुष्ठरोग्यांची सेवा. माझी आजी त्या शाळेमुळे लिहायला शिकली आणि तिच्यामुळे आम्ही सगळे. त्या माणसांबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. पण त्यातून एक बसण्याची जागा ठरून गेली. आपण व्हरांड्यात खुर्चीवर, लोक अंगणात. आज मिशनचा पैसा नाही, व्हरांडाही राहिला नाही, तरी कुणाला येशूबद्दल सांगायचं म्हटलं की आपण आधी काय वाटायचं ते शोधतो. ब्लँकेट, वह्या, नाताळचा केक.

कवी ना. वा. टिळकांचं उदाहरण मला म्हणून फार जवळचं वाटतं. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. आधी संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या. उतरण्याआधी त्याने नवा करार हातात दिला आणि वाचा, प्रार्थना करा, एवढं सांगितलं. टिळकांना त्याचं नावही कधी कळलं नाही. त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या डब्यात कुणी कुणाचा आश्रित नव्हता, दोघेही तिकीट काढून बसलेले.

तर माझं म्हणणं असं की सांगायचंच, नावानिशी सांगायचं, पण ज्याच्याकडून आपण काही घेतो, ज्याच्या ओट्यावर बसतो, जो आपल्याला खुशाल उठवून लावू शकतो, त्याला सांगायचं. तुमचे अनुभव लिहा. ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा, तुमचं तर मला आधी ऐकायचंय.

---

पूर्वभाग

ताई, आमच्या घरात प्रभू आला तो असाच आला, पण त्यामागे असा काही विचार असेल हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

आम्ही तेलुगू. वडील यंत्रमागावर, आई घरी बिड्या वळायची. शेजारी एक ख्रिस्ती मावशी होत्या, त्याही बिड्याच वळायच्या. त्या आजारी पडल्या तेव्हा आईने त्यांची पानं भिजवून, कातरून, स्वतःच्या बिड्यांबरोबर त्यांच्याही वळून कारखान्यात पोचवल्या. मावशीकडे परत द्यायला काही नव्हतं. त्या पडल्या पडल्या आईचं नाव घेऊन तेलुगूत मोठ्याने प्रार्थना करायच्या. आईच्या हाताचं दुखणं, वडिलांची पगारवाढ, माझी दहावी, सगळं देवापुढे ठेवायच्या. आई म्हणायची, माझ्यासाठी देवाकडे कुणी माझं नाव घेऊन मागितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिनेच विचारलं की हा तुमचा देव कोण.

कुणी सभेला बोलावलं नाही. वडील आजही येत नाहीत आणि आई त्यांना ओढत नाही. नाताळला मटण मात्र तेच आणतात.

---

नवी पेठ

ख्रिस्ती नसलेल्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो. मी लिंगायत. घरी सिद्धरामेश्वरांची भक्ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. संक्रांतीला नंदीध्वजाच्या मिरवणुकीत आमच्या घरचा एक तरी माणूस असतोच. तुमचा लेख प्रामाणिक आहे, आवडला. पण मला मुळातच खटकतं ते असं की तुम्ही पाणी मागा नाहीतर पाणी द्या, मनात तर हेच असणार ना की या माणसाकडे जे आहे ते अपुरं आहे? मग माझ्या ओट्यावर बसून चहा घेणं ही मैत्री की तयारी? माझा एक ख्रिस्ती मित्र आहे, शाळेपासूनचा. त्याने मला कधी काही सांगितलं नाही आणि म्हणूनच मैत्री टिकली असं मला वाटतं.

---

हातमाग

@नवी पेठ, गोलमाल उत्तर देणार नाही. होय, येशू सगळ्यांचा प्रभू आहे असं मी मानते, फक्त माझ्या घरचा किंवा माझ्या जातीचा नाही. हे मनात ठेवून तुमच्याशी वर्षानुवर्षं गोड बोलणं मला जास्त फसवणुकीचं वाटतं. तुमच्या मित्राने आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तुमच्यापासून झाकून ठेवली. का, ते एकदा त्याला विचारा. कदाचित त्याला भीती वाटली असेल की तुम्ही दूर जाल.

मैत्री की तयारी, हा प्रश्न मात्र प्रत्येक ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारायला हवा. माझ्यापुरती कसोटी अशी आहे की तुम्ही स्पष्ट नाही म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी चहाला आले पाहिजे. नाही आले तर तुमचा संशय खरा. आणि मी बोलणार असेन तर मला ऐकावंही लागेल. सिद्धरामेश्वरांची वचनं मी घरातल्या कन्नड येणाऱ्या माणसाकडून समजून घेतली आहेत. बाराव्या शतकात या गावात बसून एक माणूस देवाशी इतकं थेट बोलतो, याने मी हलले. ते अपुरं आहे म्हणून मी सांगते असं नाही. मला जो भेटला त्याच्याबद्दल गप्प राहवत नाही म्हणून सांगते.

---

नवी पेठ

मित्राला विचारतो. तुमचा दावा मला मान्य नाही, पण तो समोर ठेवलात हे बरं केलंत.

---

कायद्याचं बोला

भीतीचा उल्लेख आलाय म्हणून थोडक्यात. घटनेच्या २५व्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचाही हक्क आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. प्रसाराचा उल्लेख तिथे सहज आलेला नाही. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत त्यावर वाद झाला होता आणि क. मा. मुन्शींनी तो ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे असं सांगून त्याची बाजू घेतली होती. पुढे १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. तेव्हा ओट्यावर बसून आपली श्रद्धा सांगणं घटनेला धरूनच आहे. आमिष, जबरदस्ती, फसवणूक यांना कुठेही थारा नाही.

आणखी एक गोष्ट चर्चमध्ये मोकळेपणाने सांगितली जात नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा जवळपास फक्त हिंदूंना होता. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलिताला तो मिळत नाही. सुवार्ता सांगणाऱ्याने हे ऐकणाऱ्याला आधी सांगितलं पाहिजे. त्याच्या मुलांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा प्रश्न आहे.

---

तारेच्या आतले

मी सेटलमेंटमधला. म्हणजे आमचे आजोबा-पणजोबा. १८७१पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्माने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं होतं हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. रोज हजेरी लागायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. ३१ ऑगस्ट १९५२ला तो कायदा गेला. सेटलमेंटच्या कारभारात अमेरिकन मराठी मिशनही होतं.

मला दोन गोष्टी सांगायच्यात. तिथल्या काही मिशनरी बायांबद्दल आमची आजी जीव तोडून चांगलं बोलायची. अक्षर ओळख, शिवण, स्वच्छता, आजारात रात्रभर बसणं. हे खरं आहे आणि कुणी पुसू नये. पण जो कुंपणाबाहेर जाऊच शकत नाही त्याला प्रवचन ऐकायला बसवणं म्हणजे काय, याचा विचार तेव्हा किती झाला? हातमागताई, तुमच्या लूकमधला घरमालक दार लावून घेऊ शकत होता. आमच्या आजोबांना लावायला दार नव्हतं. त्यातूनही काही घरं पुढे कुंपण निघाल्यावर स्वखुशीने ख्रिस्ती राहिली, आजही आहेत. त्यांचं मला जास्त मोल वाटतं.

पण तुमच्याशी माझं भांडणही आहे. रिकाम्या हाताने जा, हे ज्यांच्या घरी दोन वेळचं आहे त्यांना बोलायला सोपं. आमच्या वस्तीत अजून सिव्हिलमध्ये कॉट मिळवून द्यायला, दाखल्यासाठी खेटे घालायला माणूस लागतो. तुमची येशूबद्दलची साक्ष निर्मळ राहावी म्हणून देणं बंद करणार का?

---

हातमाग

@तारेच्या आतले, कुंपणाबद्दल तुम्ही जे लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि मी शोधणारही नाही. तरुण संघात ते वाचून दाखवते, तुमची हरकत नसेल तर.

देणं बंद करा असं मी म्हणूच शकत नाही. भुकेल्याला खायला दिलं ते मला दिलं, असं प्रभूने मत्तयाच्या २५व्या अध्यायात सांगितलंय आणि तिथे भुकेल्याचा धर्म विचारलेला नाही. मला तोडायचं आहे ते दोन्हींमधलं बांधलेलं सूत. कॉट मिळवून दिली त्या दिवशी येशूबद्दल बोलू नये, कारण त्या दिवशी तो माणूस नाही म्हणू शकत नाही. ज्या दिवशी मी त्याच्या घरी त्याच्या हातचा चहा पीत असेन त्या दिवशी बोलावं. फुकट मिळालंय, फुकट द्या, असं मत्तयाच्या १०व्या अध्यायात आहे. मला तर त्याचा अर्थ असा दिसतो की मदतीच्या बदल्यात कान देण्याचीही किंमत घ्यायची नाही.

---

तारेच्या आतले

हरकत नाही, वाचा. बाकी पटलं. सिव्हिलमध्ये बेडच्या पायथ्याशी उभं राहून प्रार्थना घेणारे लोक मी पाहिलेत, पेशंटचा चेहरा बघवत नाही.

---

पाळकाची लेक

@तारेच्या आतले, चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या, सभांबद्दलही हेच म्हणेन. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय आणि माझे वडील ती आयुष्यभर करत आले, पण आजाऱ्याने बोलावलं तर आणि त्याच्या घरी जाऊन. गोळ्या बंद करा असं सांगणारा कुणी भेटला तर ते म्हणायचे, ज्या लूकचं शुभवर्तमान वाचतोस तो वैद्य होता.

मला एक अडचण विचारायची आहे. वाढतील ते खा, असं तुम्ही लिहिलंत. मग प्रसादाचं काय? आमच्याकडे गणपतीत यावरून दरवर्षी रुसवे-फुगवे होतात. शेजारच्या काकू मोदक घेऊन येतात, आई घेत नाही, काकूंचा चेहरा उतरतो. तिथे साक्ष कसली देणार?

---

हातमाग

हा फार खरा प्रश्न आहे आणि प्रेषित पौलाच्या मंडळीतही तो होताच. करिंथ शहरात देवळात अर्पण केलेलं मांस बाजारात विकायला यायचं. तिथल्या लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १०व्या अध्यायात पौल सांगतो की कुणी जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर पुढे वाढलेलं काही न विचारता खा, उगाच चौकशा करू नका. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे देवाला दाखवलेलं आहे, तर खाऊ नका, आणि तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी.

मी स्वतः असं करते: पुरणपोळी, सांजा, हुरडा, शेंगा चटणी-कडक भाकरी, कुणाच्याही घरी, कुठल्याही सणाला. प्रसाद म्हणून हातावर ठेवला तर हात जोडून सांगते की काकू, मी येशूच्या मेजावरून खाते म्हणून हे घेत नाही, पण तुमच्या हातचं दुसरं काहीही द्या, मी बसून खाईन. आणि खरंच बसते. उभ्या उभ्या नको म्हणून दार लावणं आणि बसून नको म्हणणं यात फार अंतर आहे. सगळे ख्रिस्ती असंच करतात असं नाही. काही जण प्रसाद घेतात, काही आदल्या दिवशीचा फराळही नाकारतात. पौलाचं वाचून प्रत्येकाने ठरवावं, पण काकूंना कारण कळलं पाहिजे, नुसता नकार नको.

---

नवी पेठ

मध्ये बोलतो. आमची आई शेजारच्या ख्रिस्ती घरासाठी नैवेद्य दाखवायच्या आधीच वेगळं काढून ठेवते. तिला कुणी सांगितलेलं नाही. त्या घरच्या वहिनींनी एकदा स्वयंपाकघरात बसून आईला कारण समजावलं होतं, तेव्हापासून. आई म्हणते त्यांना त्यांचा देव आहे, आपण कशाला अडचणीत टाकायचं. तुमच्या लेखाच्या भाषेत, त्या वहिनींनी साक्ष दिली म्हणायची का?

---

हातमाग

दिली! आणि तुमच्या आईने ती जपली. किती सुंदर आहे हे.

---

टॉवेल कारखाना

जय ख्रिस्त ताई. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कामाला आहे. तुमच्या तरुण संघाएवढंच वय. डबा खायला बसलो की मी डोळे मिटून प्रार्थना करतो. सोबतचा एक मुस्लिम मित्र आणि एक मराठा मित्र थांबतात, मी आमेन म्हटल्यावर घास घेतात. परवा मराठा मित्राने विचारलं, तू रोज काय म्हणतोस रे? मी घाबरून म्हणालो, काही नाही, असंच. बाकीचे लांबून ओरडले, काय बे, याला बी बाटवतोस काय. तिथेच विषय संपला. आता काय करू? पुन्हा काढू का?

---

हातमाग

जय ख्रिस्त. पेत्राच्या पहिल्या पत्रात ३ऱ्या अध्यायात आहे ना, तुमच्यातल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने आणि आदराने. तुझ्या मित्राने नेमकं तेच विचारलंय. घोळक्यात नको, दोघंच असाल तेव्हा सांग की त्या दिवशी तू विचारलंस ते मला आवडलं होतं, मी भाकरीबद्दल आभार मानतो आणि तुमची दोघांची नावं घेतो. घेत असशील तरच सांग. घेत नसशील तर उद्यापासून घे आणि मग सांग. जेवढं तुझ्यासोबत घडलंय तेवढंच बोल. गरसेकरांच्या मुलखातल्या ज्या माणसातून प्रभूने भुतं काढली, तो होडीत चढून बरोबर यायला निघाला होता. प्रभूने त्याला परत पाठवलं की घरी जा, तुझ्या माणसांना सांग, तुझ्यावर कशी दया झाली. त्याला ना शास्त्र येत होतं ना वादविवाद.

आणि त्याला विचार की तो रात्री झोपताना काय म्हणतो. म्हणत असेल काहीतरी.

---

टॉवेल कारखाना

नावं घेतो ताई. रोज. सांगतो.

---

पूर्वभाग

एक शेवटचं विचारतो, कारण हा प्रसंग आमच्या गल्लीत खरंच आलाय. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, मोबाईलवर बायबल वाचतो, प्रार्थनेला येऊन मागे बसतो. म्हणतो मला बाप्तिस्मा द्या, घरी कळू देऊ नका. काही जण म्हणतात देऊन टाका, आत्मा महत्त्वाचा. तुम्ही काय कराल?

---

हातमाग

लपून नको. हा माझा ठाम विचार आहे आणि मंडळीतही मी तोच मांडेन. त्याची ओढ खरी असेल तर ती थांबल्याने विझत नाही. टिळकांनी गाडीतल्या त्या भेटीनंतर घाई केली नाही, आणि शेवटी बाप्तिस्मा घेतला तेव्हाही घरावर काय कोसळलं हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात दिसतं. त्यांना स्वतःला पुढची पाच वर्षं लागली, आणि त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी.

त्या मुलाला आधी पाळकसाहेबांकडे न्या, सावकाश शिकू द्या. कायद्याचं काय ते वर लिहिलंच आहे, तो त्या जातीतला असेल तर १९५०च्या आदेशाचा अर्थ त्याला नीट समजावून सांगा, वकिलाकडून लेखी समजून घ्या. पाण्यात उतरण्याआधी त्याने आई-वडिलांना स्वतःच्या तोंडाने सांगितलं पाहिजे. ते चिडतील, रडतील, आपल्याला बोल लावतील, तर ते ऐकून घ्यायला आपल्यातलं कुणीतरी तिथे बसलेलं हवं. तुमच्या गल्लीत ओळखीचं कुणी नसेल तर मला निरोप द्या, मी येते. त्याच्या आईला मी भेटेन.